स्त्री पंतप्रधान चालेल का, असे विचारण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीचा खर्डा काळजीपूर्वक वाचला. विषय मला मनापासून आवडला. मात्र ज्या प्रश्नावर साऱ्या प्रबंधाचा भार टाकला आहेस, तो ‘देशाच्या पंतप्रधानपदी स्त्री निवडून आलेली आपणांस चालेल काय?’ हा प्रश्न आहे तसा घेऊन तू गावोगाव गेलीस, तर बहुतेक लोक ‘हो, का नाही चालणार?’ असे म्हणतील आणि त्या होकारातून तुझ्या हाती फारसे काही लागणार नाही. असे मला का वाटते, ते सविस्तर लिहिते.

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला जातो. जॉर्ज गॅलप यांच्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने १९३७ साली तो विचारला, तेव्हा ‘इतर सर्व दृष्टींनी पात्र असलेल्या स्त्रीला अध्यक्षपदासाठी मत द्याल काय?’ अशी त्याची रचना होती. म्हणजे स्त्री असणे ही एक उणीव आहे, हे विचारणाऱ्यानेच गृहीत धरले होते. तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी होकार दिला. १९९९ पर्यंत होकार देणाऱ्यांचे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले. या काळात समाज खरोखरच बदलला, यात शंका नाही. पण त्याबरोबर परक्या माणसासमोर ‘नाही’ म्हणण्याचा संकोचही वाढला. हा संकोच मोजण्यासाठी काही अभ्यासकांनी योजलेली युक्ती तू नीट समजून घ्यावीस असे मला वाटते. त्यांनी लोकांचे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटापुढे पेट्रोलचे वाढते भाव, खेळाडूंना मिळणारे अफाट मानधन अशा चार गोष्टींची यादी ठेवली आणि यांपैकी कोणत्या नव्हे, तर केवळ किती गोष्टींचा तुम्हाला राग येतो, एवढेच विचारले. दुसऱ्या गटाच्या यादीत त्याच चार गोष्टी होत्या आणि ‘स्त्री राष्ट्राध्यक्ष होणे’ ही पाचवी होती. उत्तर केवळ आकड्यात द्यायचे असल्यामुळे कोणालाही स्वतःला उघडे पाडावे लागत नव्हते, आणि दोन्ही गटांच्या सरासरीतील फरकावरून किती जणांना पाचवी गोष्ट खुपते, ते कळत होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे २६ टक्के निघाले. थेट प्रश्नाला नव्वद टक्क्यांहून अधिक होकार आणि आडवळणाने विचारल्यावर चारांत एकाची नाराजी, ही तफावत प्रश्नावली हाती घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे.

पण म्हणून निवडणुकीच्या निकालावरून घाईने अनुमान काढू नकोस. २०१६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा सुमारे २९ लाख मते अधिक मिळाली आणि तरीही अध्यक्ष ठरवणाऱ्या, राज्यवार निवडलेल्या निर्वाचक मंडळात त्यांचा पराभव झाला. २०२४ साली कमला हॅरिस हरल्या. त्या स्त्री होत्या म्हणूनच हरल्या, असे निकालाच्या आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही, आणि स्त्री असण्याचा काहीच संबंध नव्हता, हेही सिद्ध करता येत नाही. निकालात महागाई असते, पक्ष असतो, वर्ण असतो, उमेदवाराचा स्वभाव असतो. तुझे काम या गुंत्यातून एक धागा वेगळा काढण्याचे आहे, आणि ते केवळ निकालपत्रके वाचून होणार नाही.

आपल्या देशाची गोष्ट आणखी वेगळी आहे. स्त्री पंतप्रधान चालेल का, हे आपल्या मतदाराला आधी कोणी विचारलेच नाही. लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेसच्या खासदारांनी मतदान केले आणि इंदिरा गांधी मोरारजी देसाईंविरुद्ध ३५५ विरुद्ध १६९ मतांनी विजयी झाल्या. ज्या ज्येष्ठांनी त्यांना पुढे आणले, त्यांतील अनेकांना ही बाई आपल्या सल्ल्याने चालेल असा भरवसा होता. राममनोहर लोहियांनी तर त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले होते. पुढे १९७१ साली त्याच मतदारांनी त्यांच्या पक्षाला ३५२ जागा दिल्या, १९७७ साली आणीबाणीचा जाब विचारून खुद्द रायबरेलीत त्यांना पाडले आणि १९८० साली पुन्हा सत्तेवर बसवले. एखाद्या पुरुष नेत्याशी मतदार जसा वागला असता, तसाच तो त्यांच्याशी वागला, असे मी म्हणेन. तरीही त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत लोकसभेतील स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत कधी पोहोचले नाही. तो आकडा ओलांडायला २००९ साल उजाडावे लागले. २०२४ साली ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या आणि महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत त्या ७ होत्या.

माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा येथे आहे. आपल्या समाजाला शिखरावरची एक असामान्य स्त्री सहज मानवते. ती कोणाची तरी कन्या असेल, पत्नी असेल, पक्षाची ‘अम्मा’ किंवा ‘दीदी’ असेल, तर तिच्यापुढे हात जोडायला लोकांना संकोच वाटत नाही. पायथ्याशी उभी असलेली, घराण्याचे नाव नसलेली आणि तिकीट मागणारी चारचौघींसारखी स्त्री मात्र त्यांना अवघड वाटते. म्हणून इंदिराबाईंचे उदाहरण देऊन ‘आपल्याकडे हा प्रश्न केव्हाच सुटला’ असे सांगणाऱ्या माणसाचे म्हणणे नोंदवून घे, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

घराणेशाहीचा मुद्दाही सरसकट लावू नकोस. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ साली शशिकला काकोडकर गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, त्या वडिलांच्या वारसदार म्हणून, हे खरे. परंतु १९७७ ची निवडणूक त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकली. वारसा पुरुषांनाही मिळतो आणि त्यांना त्याचा हिशेब क्वचितच विचारला जातो. दुसरीकडे मायावती किंवा ममता बॅनर्जी यांच्यामागे कोणतेही राजघराणे नव्हते. महाराष्ट्रात १ मे १९६० पासून आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही, आणि घराण्यांची तर येथे वानवा नाही. याचे कारण शोधायचे तर मतदाराइतकेच पक्षाच्या तिकीटवाटपाकडे पाहावे लागेल. स्त्रीत्व एकटे येत नाही, हेही विसरू नकोस. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या, तेव्हा शिवसेनेने भाजपबरोबरच्या आघाडीची शिस्त मोडून त्यांना मते दिली, ती स्त्री म्हणून नव्हे, मराठी म्हणून. तू मुलाखत घेशील तेव्हा जात, भाषा, पक्ष आणि गावकी हे सारे एकाच उत्तरात मिसळलेले असेल.

आता प्रत्यक्ष गावात काय दिसते, ते सांगते. सर्वेक्षणासाठी फिरत असताना एका ग्रामपंचायत कार्यालयात मी गेले होते. भिंतीवरच्या फलकावर सरपंच म्हणून ‘सौ.’ लावलेले नाव होते, खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते, आणि स्त्री नेतृत्वाविषयी विचारल्यावर त्यांनी अत्यंत आदराने सांगितले, ‘आमचा पूर्ण पाठिंबा आहे, आमच्या घरातच बघा ना.’ बाईंना विचारायला घरी गेले, तर त्या उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, ‘यांनाच विचारा, त्यांना सगळं माहीत आहे.’ तुझ्या खर्ड्याप्रमाणे ही दोन्ही उत्तरे अनुकूल या रकान्यात जातील. त्या बाईंशी निवांत बोलल्यावर मात्र गावच्या पाणीयोजनेतली नेमकी कोणती जलवाहिनी कुठे फुटते आणि ठेकेदाराने कुठे काम अर्धवट सोडले, हे त्यांनी मला इतक्या तपशिलाने सांगितले, की खुर्चीतल्या गृहस्थांना ते जमले नसते.

प्यू या अमेरिकी संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार प्रौढांची मते घेतली. पुरुष अधिक चांगले राजकीय नेते ठरतात, असे केवळ एक चतुर्थांश लोकांनी म्हटले. निम्म्याहून अधिकांना दोघेही सारखेच वाटले. त्याच लोकांपैकी जवळजवळ नऊदशांशांनी, पत्नीने पतीची आज्ञा नेहमी पाळावी, या विधानाला संमती दिली. ही दोन्ही मते एकाच माणसाच्या मनात शांतपणे नांदतात. दिल्लीतल्या स्त्रीने देश चालवावा आणि घरातल्या स्त्रीने विचारून घराबाहेर पडावे, यात त्याला विसंगती जाणवत नाही. म्हणून तुझा प्रश्न दिल्लीकडून घराकडे आण. ‘तुमच्या सुनेला जिल्हा परिषदेचे तिकीट मिळाले आणि तिला महिन्यातले बरेच दिवस बाहेर राहावे लागले, तर घरचे काय म्हणतील?’ असे विचारून पाहा. ‘तुम्ही’ऐवजी ‘घरचे’ किंवा ‘गावातले लोक’ असे विचारले, की माणसे मोकळी होतात.

दुसरी वाट पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील अभ्यासाची. त्या राज्यात कोणत्या पंचायतीचे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होणार, हे यदृच्छेने ठरत असे. त्याचा लाभ घेऊन अभ्यासकांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवले, काहींना पुरुषाच्या आवाजात आणि काहींना स्त्रीच्या. जेथे स्त्री कधी पंचायतीची प्रमुख झालीच नव्हती, तेथील पुरुषांनी तेच शब्द स्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर तिला कमी लेखले. जेथे स्त्रीचा कारभार पाहिलेला होता, तेथे हा भेद जवळजवळ नाहीसा झाला. लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी, की ‘नेता म्हणून तुम्हाला पुरुष आवडतो की स्त्री’, याचे उत्तर मात्र बदलले नाही. आवड तशीच राहिली आणि पारख बदलली, आणि ज्या ठिकाणी सलग दोन निवडणुकांत पद राखीव होते, तेथे त्यानंतर स्त्रिया अधिक प्रमाणात उभ्या राहू लागल्या आणि निवडूनही येऊ लागल्या. आवड आणि पारख यांसाठी तू वेगवेगळे प्रश्न ठेवलेस, तर तुझे निम्मे काम झाले असे समज. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत, त्यामुळे अशी तुलना करायला तुला आपल्याच तालुक्यात गावे मिळतील. मात्र भाषणाची ध्वनिफीत तेथील बोलीतच कर आणि आवाज देणारी दोन्ही माणसे त्या परिसरातली निवड.

लोकसभा आणि विधानसभांतील एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. तो लागू होण्यापूर्वीची स्थिती तुझ्या नोंदींत आली, तर नंतरच्या अभ्यासकांना तिचा मोठा आधार होईल. म्हणून प्रत्येक मुलाखतीवर तारीख आणि गाव न चुकता लिही. जो माणूस तोंडावर ‘बाईचे काम नव्हे’ असे म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नकोस आणि मनातल्या मनात त्याच्यावर मागासलेपणाचा शिक्काही मारू नकोस. त्याने तुला खरे उत्तर दिले आहे, आणि ते मिळवण्यासाठीच तू इतक्या लांब जाणार आहेस. घरातील स्त्रियांच्या मुलाखती स्त्रियांनीच, वेगळ्या खोलीत आणि दुपारी कामे उरकल्यावर घ्याव्यात; त्यासाठी वेळ अधिक लागणार असेल, तर गावांची संख्या कमी केलीस तरी चालेल.

सुधारलेला खर्डा महिनाअखेरीस पाठव. सुनेविषयीचा प्रश्न आधी तुझ्या स्वतःच्या गावात दोन-चार घरी विचारून पाहा आणि लोकांनी दिलेली उत्तरे शब्दशः लिहून त्यासोबत जोड.

कळावे.
तुझी मार्गदर्शिका