उडता पक्षी टिपायचाय? आधी घारीपासून सुरुवात करा

६०० मिमीच्या लेन्सची घाई नको. १५०-६०० झूम सुमारे दोन किलोची; अर्ध्या तासात हात भरून येतात आणि एवढ्या अरुंद चौकटीत पक्षी सापडतच नाही. सेकंडहँड १००-४०० पुरे. कॅमेऱ्याची बॉडी जुनी चालेल, फोकस चपळ हवा.

सेटिंग तीनच:
- शटर १/२००० सेकंद. घार संथ, तिला १/१२५० चालतं; खंड्याला १/३२०० सुद्धा कमी पडतं.
- ऑटो आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो. फोटोत दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.
- फोकस सतत चालणारा, म्हणजे एएफ-सी. कॅननमध्ये त्यालाच सर्व्हो म्हणतात.

नवखे हमखास चुकतात ते उजेडात. उजळ आकाशापुढची घार काळी ठिक्कर येते, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +१ करा. गर्द झाडीपुढचा बगळा उलट पांढराफटक पडतो, पिसंच दिसत नाहीत, त्याला -१.

दुसरी चूक म्हणजे पक्षी समोर आल्यावर कॅमेरा उचलणं. लांब असतानाच फोकस धरा, कोपरं छातीशी, कंबरेतून वळा, बटण दाबल्यावरही वळत राहा.

सरावाला हिवाळ्यात सकाळी पुण्याजवळचं नदीकाठचं कवडीपाट गाठा (वासाची तयारी ठेवून!). शेकाटे, बगळे, नदी सुरय भरपूर. सूर्य पाठीशी ठेवा. पक्षी उडताना आणि उतरताना बहुधा वारा येतो त्या बाजूला तोंड करतात, म्हणून वाराही पाठीमागून असेल तर ते तुमच्याकडेच येतात. फोटोसाठी थवा मुद्दाम उडवू नका. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) नंतर.