गार्डन ट्रॅक्टर उभा का राहिला होता? : वाचकांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून जुन्या गार्डन ट्रॅक्टरांविषयी बरीच पत्रे साठली आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखले आहे. ज्यांना हे यंत्र अपरिचित आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, साधारण सात ते सोळा अश्वशक्तीचा, घराभोवतीच्या एक-दोन एकरांसाठी बनवलेला हा छोटा ट्रॅक्टर असतो. उन्हाळ्यात त्याला गवत कापण्याची पाती लागतात, वसंतात लहान नांगर आणि हिवाळ्यात बर्फ लोटण्याचे पाते. १९६० आणि १९७० च्या दशकांत हे ट्रॅक्टर बिडाच्या इंजिनाचे आणि जाड पत्र्याचे बनत असत, आणि म्हणूनच ते आजही दुरुस्त करण्याजोगे राहिले आहेत.

प्रश्न : शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी घर विकताना त्यांचा पिवळा-पांढरा कब कॅडेट आम्हांला देऊन टाकला. तो १९६० च्या दशकातला आहे. इंजिन हाताने मुळीच फिरत नाही. संपूर्ण ट्रॅक्टर सुटा करावा का? (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

सुटा करू नये. निदान इतक्यात नाही. पान्याला हात लावण्यापूर्वी त्या गृहस्थांना दूरध्वनी करावा आणि ट्रॅक्टर नेमका कशामुळे उभा राहिला ते विचारावे. ‘नवा घेतला म्हणून हा मागे लोटला’ असे उत्तर आले, तर चालते इंजिन वर्षानुवर्षे दमट जागेत राहून रिंगा सिलिंडरला गंजाने धरल्या असण्याचा संभव अधिक. ‘आतून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला होता’ असे उत्तर आले, तर दोष कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात, शोधावा लागतो आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते. दोन्ही वेळा लक्षण एकच दिसते, पण काम पूर्णपणे निराळे असते.

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने कब कॅडेट १९६१ साली बाजारात आणला. त्याचे कोहलरचे इंजिन साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे आहे, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले आहेत, आणि ही रचना आपल्या पथ्यावर पडते. प्लग काढून पेट्रोलची टाकी दूर ठेवावी, हेडचे बोल्ट सोडवून हेड उचलावे. पिस्टनचा माथा, सिलिंडरची भिंत आणि दोन्ही व्हॉल्व्ह एका नजरेत दिसतात. गंजाचे वलय दिसले तर बारीक पॉलिश कागदाने ते हळुवार घासावे, भेदक तेल ओतावे आणि आठवडाभर थांबावे. येथील जुने लोक ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. आपल्याकडच्या गॅरेजात हेच काम रॉकेल आणि डिझेल करीत आले आहे. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा गॅरेजचे दार उघडे हवे आणि पाणी तापवण्याच्या गॅसच्या बंबापासून अंतर हवे. त्यानंतर पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत आणि दर वेळी फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे जड चाक) हातांनी किंचित मागेपुढे करून पाहावे.

येथे माझी चूक सांगणे भाग आहे. अशाच एका इंजिनाचे फ्लायव्हील मी नटावर लांब पाइप घालून जोराने फिरवले. इंजिन सुटले, सुरूही झाले, आणि वीस मिनिटांत कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. या इंजिनांतला रॉड ॲल्युमिनियमचा असतो, त्यात वेगळे बेअरिंग नसते आणि तो थेट क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या ज्या खुंटीवर तो बसतो तिच्यावर, फिरतो, त्यामुळे असे जबरदस्तीचे बळ त्याला सोसत नाही. त्याला तेलही पंपाने मिळत नाही; रॉडच्या टोकाची पळी खालचे तेल उडवते तेवढेच. म्हणून इंजिन सुटल्यावर जुने तेल काढून नवे एसएई ३० भरावे, पातळी दर वापरापूर्वी पाहावी आणि तीव्र उतारावर ट्रॅक्टर चालवत ठेवू नये. क्रँकपिन घासलेली निघाली, तरी ती ग्राइंड करून ०.०१० इंच कमी मापाचा रॉड बसवता येतो. असे रॉड आजही नवे मिळतात.

प्रश्न : माझ्या जॉन डियर ११० चे इंजिन बटण दाबल्यावर फिरते, पण ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही. शिवाय बॅटरी कधीच भरत नाही. कॉइल, कंडेन्सर, रेग्युलेटर असे सारेच बदलले. आता काय बदलावे? (एडिसन, न्यू जर्सी)

आता काहीही बदलू नये. सुटे भाग बदलत जाणे म्हणजे निदान नव्हे. उलट जुन्या दोषात नव्या, कधी कधी निकृष्ट, भागांचे दोष मिसळतात आणि आपण मूळ प्रश्नापासून दूर जातो. बदललेले जुने भाग टाकून दिले नसतील अशी आशा करतो, कारण साठ वर्षांपूर्वीची कॉइल पुष्कळदा आजच्या स्वस्त कॉइलपेक्षा सरस निघते.

ठिणगीचा विचार प्रथम करू. आपल्या इंजिनात पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वीज तोडणारे-जोडणारे संपर्क, आहेत आणि त्यांच्यातील फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असावी लागते. बराच काळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि ठिणगी लहरी होते. स्वच्छ, कोऱ्या जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढावी. पॉलिश कागद वापरल्यास त्याचे कण तेथेच रुततात. नंतर फिलर गेजने फट मोजावी आणि टायमिंग पाहावे. फ्लायव्हीलवर ‘एस’ आणि ‘टी’ अशी अक्षरे कोरलेली असतात. पिस्टन दाब देत वर येत असताना ‘एस’ची रेघ खुणेसमोर आली की त्याच क्षणी पॉइंट उघडू लागले पाहिजेत. चाचणीचा दिवा कॉइलच्या ऋण टोकाला जोडून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवल्यास हा क्षण अचूक कळतो.

आता बॅटरीविषयी. आपल्याकडे सुरुवातीचे, गोल मडगार्डांचे मॉडेल असेल, तर त्यात स्टार्टर आणि जनरेटर ही दोन यंत्रे नाहीत, एकच आहे : पट्ट्याने जोडलेली तीच मोटर इंजिन सुरू करते आणि पुढे बॅटरी भरते. तिच्या लोखंडात शिल्लक राहिलेल्या अल्प चुंबकत्वावर वीजनिर्मिती सुरू होते. ट्रॅक्टर वर्षानुवर्षे पडून राहिला, किंवा कोणी बॅटरीची टोके उलटी जोडली, तर ते चुंबकत्व नाहीसे होते अथवा उलटे होते, आणि मग कितीही रेग्युलेटर बदलले तरी उपयोग होत नाही. इंजिन बंद ठेवून, बॅटरी जोडलेली असताना, रेग्युलेटरच्या बॅटरीच्या टोकाला आणि जनरेटरच्या टोकाला एक तार क्षणभर, खरोखरच क्षणभर, टेकवावी. बारीक ठिणगी दिसते आणि काम होते. त्यानंतर इंजिन वेगात असताना बॅटरीवर सुमारे चौदा व्होल्ट दिसले, तर बाकी सारे ठीक आहे असे समजावे. तरीही आकडा साडेबाराच्या आसपासच अडकला, तर प्रथम पट्ट्याचा ताण आणि मोटरच्या ब्रशांची झीज पाहावी.

प्रश्न : प्रथमच घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा? (कोलंबस, ओहायो)

ज्याची इंजिने आणि सुटे भाग आपल्या परिसरात सर्वाधिक आहेत तो. ओहायोत ते बहुधा कब कॅडेट, जॉन डियर किंवा लाल रंगाचा व्हील हॉर्स असेल. यांपैकी अनेकांत कोहलरच्या के मालिकेचीच इंजिने आहेत, त्यामुळे एकाचे शिकलेले दुसऱ्याला उपयोगी पडते. दुर्मीळ नमुना स्वस्तात मिळाला तर तो स्वस्त का मिळाला, याचा विचार करावा. घरात लहान मुले असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या काळातील बहुतेक ट्रॅक्टरांना चालक आसनावरून उठताच इंजिन बंद करणारा स्विच नसतो.

प्रश्न : मुलीला आणि मला व्हील हॉर्सला नवा लाल रंग द्यायचा आहे. गंज कसा काढावा? सँडब्लास्टिंग करावे का? (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

रंगाविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. मूळ रंग निम्म्याहून अधिक शाबूत असेल, तर तो तसाच ठेवून स्वच्छ करावा आणि वरून मेण लावावे. मूळ रंग एकदाच मिळतो, आणि कोणी कोठे पाय ठेवून चढत असे याच्याही खुणा त्यात असतात. अर्थात ट्रॅक्टर आपला आहे, मुलीचा उत्साहही खरा आहे, तेव्हा रंग देणार असाल तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली म्हणजे शिसे. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर बंदी आली ती १९७८ साली, आणि यंत्रांवरचे त्या काळातील रंग तर त्या नियमाच्या बाहेरच होते. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, योग्य मास्क वापरावा, कपडे वेगळे धुवावेत. हे काम मुलीकडे मुळीच देऊ नये. तिला नट-बोल्ट धुऊन, चिठ्ठ्या लावून डब्यांत भरण्याचे काम द्यावे, जे खरे तर अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरी म्हणजे गंज काढण्याची रीत. पातळ पत्र्यावर जोराचे सँडब्लास्टिंग केल्यास तो तापून वाकतो, आणि इंजिन किंवा गिअरपेटीत शिरलेली रेती पुढे वर्षभर आपले काम करीत राहते. लहान लोखंडी भागांसाठी विजेची रीत उत्तम. प्लास्टिकच्या पिंपात पाणी घेऊन दर गॅलनमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला जोडावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात टाकल्यास ते खाल्ले जातात. आणि अनुक्रमांकाची पट्टी घासण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवावे.

प्रश्न : सुटे भाग आणि माहिती मिळवण्यासाठी अनोळखी लोकांना विचारावे लागते. मी या मातीतला नाही, शेतकरी नाही, भाषाही थोडी अडखळत बोलतो. लोक मदत करतात का? (फोर्ट वेन, इंडियाना)

करतात, आणि त्यामागे चांगुलपणाखेरीज एक व्यावहारिक कारणही आहे. व्हील हॉर्सचेच पाहा. १९४६ साली इंडियानातील साउथ बेंड येथे पाँड कुटुंबाने ही कंपनी सुरू केली. १९७४ मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरोकडे. कब कॅडेटचा व्यवसाय १९८१ मध्ये एमटीडीला विकला गेला. कंपन्या अशा हातोहात फिरल्या की कारागीर निवृत्त होतात, दप्तरे विखुरतात, आणि कोणत्या वर्षी कोणता बोल्ट बदलला याचे ज्ञान वापरणाऱ्यांच्या डोक्यांतच उरते. छंद जगवायचा तर ते सांगत राहण्यावाचून त्यांनाही पर्याय नाही.

आपण तर मोक्याच्या ठिकाणी राहता. पोर्टलँड हे गाव आपल्या दक्षिणेला गाडीने तासाभराच्या आसपास आहे. तेथे दर ऑगस्टच्या अखेरीस जुनी इंजिने आणि ट्रॅक्टर यांचा प्रचंड मेळावा भरतो आणि त्याच्या जुन्या बाजारात गंजक्या गिअरांपासून छापील माहितीपुस्तिकांपर्यंत सारे मिळते. पहिल्या वर्षी मी तेथे केवळ फिरलो, संकोचाने कोणाशी बोललो नाही आणि रिकाम्या हातांनी परतलो. दुसऱ्या वर्षी मोडका क्लचचा भागच पिशवीत घालून नेला. एका शेतकऱ्याने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, तो कोणत्या वर्षाचा ते सांगितले आणि मला चार रांगा पलीकडच्या माणसाकडे पाठवले. त्या माणसाने भाग दिला, पैसे घेतले नाहीत, पण तो बसवताना कोणती चकती उलटी बसते यावर अर्धा तास बोलला. मोडका भाग हातात असला की भाषेचे अडखळणे कोणाला जाणवत नाही.

विचारण्याची मात्र एक रीत आहे. ‘ट्रॅक्टर सुरू होत नाही’ हा प्रश्न नव्हे. मॉडेल, अनुक्रमांक, इंजिनाचा क्रमांक, ठिणगी आहे की नाही, पेट्रोल येते की नाही, आजवर काय करून पाहिले, एवढे सांगितले की समोरच्याचे निम्मे काम होते. आणि दोष सापडल्यावर, तो कितीही क्षुल्लक असला तरी, ज्याने मदत केली त्याला कळवावे. याबाबतीत आपण मराठी माणसे जरा कमी पडतो असे मला वाटते. काम झाले की आपण गप्प बसतो, आणि सांगणाऱ्याला त्याचे निदान बरोबर होते की नाही ते कधी कळतच नाही.

प्रश्न : आमच्या मळ्यात आजोबांचा बी-२७५ गोठ्याशेजारी उभा आहे. त्यावरही ‘इंटरनॅशनल’ असेच नाव दिसते. आपण लिहिता त्या कब कॅडेटशी त्याचे काही नाते आहे का, आणि तो पुन्हा चालू होईल का? (निफाड, जि. नाशिक)

नाते आहे. कब कॅडेट बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतूनच १९६३ साली महिंद्रने भारतात ट्रॅक्टरचा उद्योग उभारला, आणि बी-२७५ हे त्या उद्योगाचे सुरुवातीचे मॉडेल. त्याची रचना मात्र अमेरिकेतील नव्हे, तर कंपनीच्या इंग्लंडमधील डोंकास्टर येथील कारखान्याची. म्हणजे तो कब कॅडेटचा सख्खा भाऊ नसून थोरला चुलतभाऊ : सुमारे पस्तीस अश्वशक्तीचा, चार सिलिंडरांचा आणि डिझेलवर चालणारा.

चालू होण्याची शक्यता चांगली आहे, कारण महिंद्रच्या पुढील २७५ मॉडेलांचा वंश येथूनच सुरू होतो आणि हे इंजिन हाताळलेले मिस्त्री आपल्या भागात अजून सापडतील. डिझेलची टाकी उतरवून धुवावी, फिल्टर नवे बसवावेत, आणि पंप-नोझल घरी न उघडता त्याच कामाच्या दुकानात तपासून घ्यावेत. त्यानंतर एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढावी. इतकी वर्षे पडून राहिलेल्या पंपाचा रॅक (डिझेल किती जावे हे ठरवणारी दांडी) अडकलेला असू शकतो, आणि तसे झाल्यास इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवावा आणि एका माणसाने हवेचे तोंड झाकण्यासाठी जाड फळी हातात घेऊन शेजारी उभे राहावे. रस्त्यावर आणण्याचा विचार असेल तर नोंदणीचे पुस्तक शोधून तिचे नूतनीकरण करून घ्यावे.

पण या सर्वांआधी, आजोबांच्या काळी हा ट्रॅक्टर जो चालवत असे तो गडी गावात हयात असेल, तर त्याला मळ्यात बोलावून चहा द्यावा आणि हा येथे का उभा केला ते विचारावे.