राजदूत व्हायचंय? आधी मसुदा लिहायला शिकू द्या

प्रश्न: मी एसटीत वाहक आहे. माझी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आजवरचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. परराष्ट्रमंत्र्यांनी परदेशी पत्रकारांना दिलेल्या सडेतोड उत्तरांचे व्हिडिओ ती रोज बघते आणि 'मला राजदूतच व्हायचंय' म्हणते. हे आमच्यासारख्यांच्या मुलांना जमणारं आहे का? नोकरी परदेशात, तीही एकटीने, मग लग्नाचं कसं? आणि नाहीच जमलं, तर तिच्या हातात काय उरेल? — एक पालक, बीड जिल्हा

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' आहे. ज्ञानेश्वर मुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं अब्दुल लाट हे त्यांचं गाव. १९८३ च्या तुकडीतून ते भारतीय परराष्ट्र सेवेत गेले, जपानमध्ये राहिले, मालदीवमध्ये उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले आणि परराष्ट्र मंत्रालयाचे सचिव म्हणून निवृत्त झाले. मराठी घरातलेच विजय गोखले अस्खलित चिनी बोलतात. ते चीनमध्ये राजदूत होते आणि पुढे २०१८ ते २०२० या काळात देशाचे परराष्ट्र सचिव होते. तेव्हा 'आमच्यासारख्यांच्या मुलांना' ही शंका मनातून काढून टाका, आणि मुख्य म्हणजे तिच्यासमोर बोलून दाखवू नका.

माझी काळजी वेगळी आहे. मुलीच्या मनातलं या नोकरीचं चित्र व्हिडिओंवरून तयार झालंय. त्यात जे दिसतं ते मंत्र्यांचं काम. ते राजकीय काम आहे आणि मंत्री ते करतात. सेवेत जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या वाट्याला पहिली पंधरा-वीस वर्षं जे येतं, ते कॅमेऱ्यासमोर क्वचितच घडतं. तिला नेमकं तेच काम आवडणार आहे का, हे आत्ताच तपासायला हवं.

एक उदाहरण सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० ची शिखर परिषद झाली. युक्रेन युद्धावर सगळ्या देशांना मान्य होईल असा मजकूर निघेल, असं फार थोड्यांना वाटत होतं. आदल्या वर्षीच्या बालीच्या जाहीरनाम्यात रशियाच्या आक्रमणाचा नाव घेऊन निषेध करणारा उल्लेख होता आणि रशिया-चीन तो पुन्हा स्वीकारायला तयार नव्हते. उलट तो उल्लेख गाळला तर युरोप-अमेरिका सही करणार नाहीत, अशी कोंडी होती. दिल्लीच्या मजकुरात शेवटी रशियाचा नाव घेऊन निषेध आला नाही. पण बळाच्या धाकाने कुणीही कुणाची भूमी बळकावू नये आणि अण्वस्त्रांचा वापर किंवा त्याची धमकी अमान्य आहे, ही वाक्यं आली आणि ती सर्वांनी मान्य केली. भारताचे शेर्पा, म्हणजे या परिषदेसाठी देशाच्या वतीने वाटाघाटी करणारे मुख्य प्रतिनिधी, अमिताभ कांत यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की यामागे २०० तासांहून अधिक वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय बैठका आणि १५ मसुदे होते. त्यांच्या हाताखाली हे काम करणाऱ्यांत परराष्ट्र सेवेतले मधल्या फळीचे अधिकारी होते. पंधरा मसुदे म्हणजे काय, हे मुलीला नीट समजावून सांगा. तेच पान पुन्हा लिहायचं, समोरच्याला नेमकं काय खुपतंय ते ओळखायचं, आपल्याला हवं ते राखायचं आणि पहाटेपर्यंत आवाज चढू द्यायचा नाही.

दुसरं काम त्याहून कमी दिसतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. आखाती देशांत नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत आणि त्यात मजुरी करणारे पुष्कळ. समजा तिथे एखादा गवंडी साइटवर दगावला. त्याचं पार्थिव घरी पाठवायचं तर स्थानिक मृत्यूचा दाखला लागतो, पोलिसांची ना-हरकत लागते, वारसांचं संमतिपत्र भारतातून मागवावं लागतं, पार्थिवावर रासायनिक प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि पासपोर्ट रद्द करावा लागतो. तिथल्या बहुतेक देशांत शुक्रवार-शनिवार सरकारी कार्यालयं बंद. कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. इकडे गावात त्याचा भाऊ दर दोन तासांनी विचारतोय, 'साहेब, कधी येणार?' दूतावासातला अधिकारी हे सगळे कागद जुळवतो, मालकाने विमानाचा खर्च नाकारला तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून तो करवतो आणि मग मृताचा थकलेला पगार, नुकसानभरपाई यासाठी त्याच मालकाच्या मागे लागतो. त्या भावाला परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे ठाऊक नसेल. त्याच्यासाठी भारत सरकार म्हणजे फोनवरचा तो एक आवाज.

ही दोन्ही कामं एकमेकांना धरून असतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या सुमी शहरात आपले जवळपास सातशे विद्यार्थी अडकले होते. त्यांच्या बस सुरक्षित निघायच्या तर रशिया आणि युक्रेन दोघांनीही काही तास तोफा थांबवायला हव्या होत्या, आणि म्हणून दिल्लीला दोघांशीही बोलता येईल असे संबंध राखलेले असणं गरजेचं होतं. ८ मार्चला ती मुलं पोल्टावाकडे निघाली. त्याआधी २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरोधी ठरावावर भारत तटस्थ राहिला होता. त्या भूमिकेबद्दल देशात दोन मतं होती, आजही आहेत. सेवेतल्या माणसाला मात्र दिल्लीहून आलेलं निवेदन जसंच्या तसं वाचावं लागतं, मग त्याचं स्वतःचं मत काहीही असो. वादात जिंकण्याची आवड असलेल्या मुलांना हे जड जातं. तुमच्या मुलीशी यावर मोकळेपणाने बोला. 'सरकारची भूमिका मला पटली नाही तरी ती मी चोख मांडेन' हे तिला जमणार नसेल, तर पत्रकारिता किंवा अध्यापन तिच्यासाठी जास्त मोकळं क्षेत्र आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता परीक्षेचं. परराष्ट्र सेवेसाठी वेगळी परीक्षा नाही. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची आणि अर्जातल्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर ठेवायची. वय २१ ते ३२ आणि संधी सहा, हे खुल्या गटासाठी. राखीव गटांना दोन्हींत सवलत आहे. जागा थोड्या असतात, एरवी तीस-चाळीस आणि एखाद्या वर्षी पन्नासच्या वर, म्हणून क्रमांक वरचा लागतो. आणखी एक नियम लक्षात ठेवा. एकदा परराष्ट्र सेवेत रुजू झालं की सेवेत असेपर्यंत ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. 'आधी हे घेऊ, मग कलेक्टर होऊ' असा विचार चालत नाही.

मराठी माध्यमाबद्दल बरेच गैरसमज आहेत. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि मुलाखतही मराठीतून देता येते. पण पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात, मुख्य परीक्षेचे प्रश्नही तसेच, आणि इंग्रजीचा एक पेपर किमान २५ टक्के गुण मिळवून पास व्हावाच लागतो. शिवाय सेवेत गेल्यावर रोजचं काम इंग्रजीतच आहे. म्हणून परीक्षा मराठीतून दिली तरी चालेल, पण इंग्रजी वाचन आजपासून सुरू व्हायला हवं. घाई नको. रोज एक संपादकीय, शब्दकोश शेजारी ठेवून, आणि त्याचा पाच ओळींचा सारांश आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. वर्षभराने फरक तुम्हालाही दिसेल.

शिकवणीसाठी कर्ज काढून तिला दिल्लीला पाठवू नका. निदान पदवी पूर्ण होईपर्यंत तरी नकोच. राज्य सरकारची प्रशिक्षण केंद्रं मुंबई, नागपूर, अमरावती, नाशिक, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे प्रवेश परीक्षेतून होतो. सारथी (मराठा-कुणबी), बार्टी (अनुसूचित जाती), महाज्योती (इतर मागास आणि भटके-विमुक्त) या सरकारी संस्थाही आपापल्या गटातल्या मुलांना यूपीएससीच्या तयारीसाठी मदत करतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

निवड झालीच तर पुढे काय होतं, हेही सांगतो. मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत पुढचं शिक्षण. प्रत्येकाला एक परदेशी भाषा सक्तीने शिकावी लागते आणि बहुधा ती जिथे बोलली जाते तिथेच पहिली नेमणूक मिळते: अरबीसाठी कैरो, रशियनसाठी मॉस्को, जपानीसाठी टोकियो. तृतीय सचिव म्हणून सुरुवात होते आणि भाषेची परीक्षा पास झाल्यावर कायम होतात. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, कौन्सेलर अशी चढण असते आणि राजदूतपद बरंच वर आहे. दोन-तीन वर्षांनी देश बदलतो, मधेमधे दिल्लीतल्या मंत्रालयात एखाद्या देशाचा किंवा विषयाचा डेस्क सांभाळावा लागतो. सोयीचं ठिकाण मिळालं की पुढचं अवघड मिळण्याची तयारी ठेवायची. असं ठिकाण, जिथे वीज जाते, दवाखाना लांब असतो आणि मुलांसाठी शाळा नसते.

लग्नाचा प्रश्न तुम्ही वडील म्हणून विचारलात, त्यात गैर काही नाही. या सेवेत हा प्रश्न फार जुना आहे. सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी, १९४९ च्या तुकडीतल्या. त्या काळी लग्न केलं तर राजीनामा देईन असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, आणि महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी असा नियमच होता. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक ताशेरे ओढले आणि तो परवानगीचा नियम गेला. त्यानंतर चोकिला अय्यर, निरुपमा राव आणि सुजाता सिंग या तीन महिला परराष्ट्र सचिव झाल्या. आज सेवेत लग्न झालेल्या, मुलं असलेल्या अनेक अधिकारी आहेत. अडचण खरी आहे, पण ती जोडीदाराच्या नोकरीची आणि मुलांच्या दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या शाळेची आहे. ती पुरुष अधिकाऱ्यांनाही येते, फक्त त्यांच्या वडिलांना ती कुणी विचारत नाही. लग्न केव्हा आणि कुणाशी, हे तिला ठरवू द्या. आणि कृपा करून 'आधी लग्न, मग परीक्षा' अशी अट घालू नका. चांगल्या तयारीच्या मुली त्या अटीपायी थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

नाही जमलं तर? खरं तर परराष्ट्र व्यवहाराचं काम एका सेवेपुरतं नाहीच. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर पातळीवरच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक विभाग अधिकारी होता येतं आणि त्या पदावरूनही परदेशातल्या दूतावासांत नेमणुका मिळतात. यूपीएससीच्याच परीक्षेतून भारतीय व्यापार सेवा आहे, जिथे आयात-निर्यात आणि व्यापार करारांचं काम चालतं. बीएनंतर कायदा शिकली तर मंत्रालयात करार आणि आंतरराष्ट्रीय कायदा पाहणारा स्वतंत्र विभाग आहे. पाकिस्तानच्या कैदेत असलेले भारतीय कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला फटकारलं ते दूतावासाला भेटू न दिल्याच्या मुद्द्यावर, १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या आधारे. असा एखादा करार बारकाईने वाचलेला माणूस ऐन वेळी किती कामाला येतो, ते त्यातून दिसतं. भाषेत जीव रमला तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात. दुभाषा आणि अनुवादक यांना सरकारात आणि खासगी कंपन्यांत दोन्हीकडे काम आहे. एमएसाठी दिल्लीच्या जेएनयूमधलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. तिथला प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो आणि फी तुम्हाला परवडेल अशी आहे.

या वर्षी तिने एवढंच करावं. व्हिडिओ बघायचे तर बघू दे, पण प्रत्येक व्हिडिओनंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन त्याच विषयावरचं अधिकृत निवेदन शोधायला सांगा. एखाद्या शेजारी देशाच्या पंतप्रधानांची भेट झाली की संयुक्त निवेदन निघतं. ते आणि त्याच देशाबरोबरचं आधीच्या भेटीचं निवेदन शेजारी ठेवून काय नवं आलं, काय गळलं, कोणता विषय वरून खाली गेला, हे वहीत टिपून काढायचं. महिन्यातून दोनदा पुरे. सहा महिन्यांनी ती वही काढली आणि हे काम तिला कंटाळवाणं वाटलं असेल, तर तो कौल मान्य करा. पण रात्री जेवताना ती तुम्हाला 'बाबा, या वेळी पाणीवाटपाचा उल्लेखच नाही' असं आपणहून सांगायला लागली, तर मला पुन्हा पत्र लिहा. मग वैकल्पिक विषय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध घ्यायचा की मराठी साहित्य, यावर आपण सविस्तर बोलू.