१३३ हुकलेल्या वेळा

प्रश्न : माझा भाचा पुण्यात चित्रकला शिकतो. तो सांगत होता, तैवानच्या एका माणसानं वर्षभर दर तासाला कार्ड पंच केलं आणि त्याला जगात मोठा कलाकार मानतात. माझे वडील सूतगिरणीत ३३ वर्षं पाळीला जाता-येता कार्ड पंच करत होते. मग ते कोण? की अमेरिकेत जाऊन काहीही केलं की त्याची कला होते?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचा राग मला आवडला. पण आधी अमेरिकेचं बघू. भाच्यानं सांगितलेला तो माणूस, तेहचिंग श्ये, १९७४ मध्ये खलाशी म्हणून तिकडे पोचला आणि फिलाडेल्फियाजवळ जहाज सोडून पसार झाला. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत भांडी घासली, फरशा पुसल्या. १९८८ पर्यंत त्याच्याकडे तिथं राहण्याचे कागद नव्हते. राबणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

११ एप्रिल १९८० ला त्यानं डोकं भादरलं, कामगाराचा गणवेश चढवला आणि आपल्याच स्टुडिओत घड्याळापुढे उभा राहिला. तास भरला की कार्ड पंच करायचं, कॅमेऱ्यानं एक फ्रेम टिपायची. दिवसातून चोवीस वेळा, पुढच्या ११ एप्रिलपर्यंत. कार्डांवर साक्षीदाराची सही. त्या फ्रेम जोडून झालेली फिल्म जेमतेम सहा मिनिटांची आहे. तिच्यात काटे गरगरतात आणि बघता बघता त्याचे केस वाढत जातात.

आता हिशोब करा. नियम पाळायचा तर सलग तासभरही झोप नाही. बाहेर पडायचं तर अर्धा तास जायला, अर्धा यायला. त्यापलीकडचं न्यूयॉर्क वर्षभर बंद. तुमचे वडील पाळी सुटली की घरी येत, महिन्याला पगार आणत, आणि त्यांच्या कार्डामागे सूत निघत होतं. याच्या कार्डामागे काहीच निघत नव्हतं. मालक नाही, पगार नाही, माल नाही, नुसता ठप्पा. वडिलांच्या बाबतीत जे सुताआड झाकलं गेलं, ते यानं उघडं करून ठेवलं. माझ्या मते कला तिथं आहे. वडिलांना कलाकार म्हणायची मला घाई नाही. पण ती कार्डं वाचायला त्यांच्याइतका योग्य माणूस मिळाला नसता.

याच श्येनं त्याआधी एक वर्ष पिंजऱ्यात काढलं होतं, न बोलता, न वाचता. नंतर एक वर्ष छपराखाली न जाता. मग एक वर्ष लिंडा माँटॅनो या कलावतीसोबत आठ फुटी दोरीनं बांधून घेऊन, एकमेकांना स्पर्श न करता. भाचा तुम्हाला हेही सांगेल, आणि तुम्ही ‘बापरे’ म्हणाल. मी शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा मुलंही तेच म्हणायची. त्या ‘बापरे’शी मला फारसं देणंघेणं नाही; एका पायावर किती तास उभं राहिलं याची नोंद ठेवणारी पुस्तकं वेगळी असतात.

मला त्याचा एक आकडा सोडत नाही. वर्षात ८,७६० तास. त्यांतले १३३ हुकले. हे त्याचं त्यानंच मांडून ठेवलंय, कारणांसकट : ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा वेळेआधीच पंच केलं. (ही दहाची भानगड मला फार आवडते. वर्षभर घड्याळाशी संसार करून माणूस घाई करतोच!) ज्याला विक्रम करायचा असतो, तो हे लपवतो.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. मी भिंतीवर तक्ता लावला. अकरा महिने. पहाटे चारच्या रकान्यात मी कितीदा तरी साडेपाचला उठून बरोबरची खूण केली. तक्ता अजून कपाटात आहे. एकही रकाना रिकामा नाही.