आमच्या घरातला 447वा दिवस

"मॅडम, माझं तसं काही मोठं नाही हो." खुर्चीत टेकता टेकता सुनंदाताई म्हणाल्या. मी समुपदेशन करते, हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी ऐकते. बहुतेकदा त्यानंतर रडू येतं.

सुनंदाताई हे नाव खरं नाही. घरातले काही तपशीलही बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे. त्या पहिल्यांदा आल्या ते 2023च्या भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी, 17 नोव्हेंबरला. तक्रार झोपेची. रात्री दोनला जाग येते, मग टीव्ही लावून बसतात, आवाज बंद ठेवून. टीव्हीवर तेव्हा एकच बातमी होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे उत्तरकाशीजवळ सिलक्याराच्या बोगद्यात ढिगारा कोसळला होता आणि 41 कामगार आत कोंडले गेले होते.

"एकेचाळीस पोरं अंधारात चुरमुरे खाऊन दिवस काढतायत, आणि मी इथं झोप येत नाही म्हणून तुमच्याकडं आलेय. लाज वाटते."

मी विचारलं, दोनला जाग का येते? तर म्हणाल्या, जाग येत नाही, गजर लावलेला असतो. सासूबाईंची कूस बदलायची असते.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. सासूबाई 79 वर्षांच्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, लघवीची पिशवी. नवरा साखर कारखान्यात, गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळे पाळ्या. मुलगा पुण्यात नोकरीला. दीर-जाऊ इचलकरंजीला. दीर महिन्याला पैसे पाठवतात, जाऊ सणाला येते, सासूबाईंच्या उशाशी पाच मिनिटं उभी राहते आणि स्वयंपाकघरात जाते. ब्युरोची बाई ठेवून पाहिली, परवडली नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "देवानं तुला सेवेची संधी दिलीय, पुण्य लागेल."

(या काकूंना मी कधी भेटले नाही. भेटले असते तर दोन रात्री सुनंदाताईंच्या घरी राहा, असं सुचवलं असतं.)

त्या दिवशी मी केलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. त्याच त्या दृश्यांचा रात्रभर मारा झाला की मन सावध अवस्थेतून खाली उतरतच नाही, उतरलं नाही की झोप नाही. म्हणून सांगितलं की बातम्या सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं बघा, रात्री टीव्ही बंद. मरणाचे विचार येतात का, तेही सरळ विचारलं. सरळच विचारायचं असतं, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही भरत नाही. त्या नाही म्हणाल्या. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून दिला. फोन मोफत, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं. रात्री अडीचला मी काही फोन घेणार नसते.

पुढच्या शुक्रवारी त्या आल्या त्या आणखी उतरलेल्या. टीव्ही खरोखर बंद केला होता. शिस्तीच्या बाई आहेत त्या.

"रात्री आता फारच सुनं वाटतं मॅडम. टीव्हीवर निदान कुणीतरी जागं असायचं. तिकडं मशीन चालू, माणसं ये-जा करतायत. मी इकडं जागी, ते तिकडं जागे."

टीव्हीला मी आजार समजले होते, आणि त्यांच्या लेखी ती सोबत होती. एक सोबत काढून घेताना दुसरी काय देणार, याचा मी विचारच केला नव्हता. चूक माझी होती, तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली. टीव्ही बंद असला तरी बोगद्याचं सगळं त्या नवऱ्याला विचारत होत्या. सोमवारी सहा इंची पाइप ढिगाऱ्यापलीकडं पोचला आणि त्यातून बाटल्यांत भरून खिचडी आत गेली. आठ दिवसांनी पोरांच्या पोटात गरम अन्न. सगळे आनंदले. सुनंदाताई तेव्हा सासूबाईंना भरवत होत्या.

"मी रोज सहा वेळा नळीतून पेज सोडते." त्यांनी हातानं दाखवलं. उशा लावून पाठ उभी करायची. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा. नुसतं नळकांडं नळीला लावून वर धरायचं आणि गाळलेली पेज थोडी थोडी ओतायची. आपली आपण उतरली पाहिजे, ढकलायची नाही. शेवटी पाणी. मग अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. "हात वर धरून धरून खांदा गेलाय. एकदाही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत." आणि स्वतःच हसल्या. "काय बोलतेय मी, ऐका!"

मला वाटलं, सापडलं. म्हणाले, ताई, तुम्हीही अडकल्यासारख्याच आहात ना, त्या बोगद्यातल्या लोकांसारख्या?

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी उपमा माझ्याच घशात अडकली. "नाही हो. त्यांना काढायला माणसं आलीत."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. त्या दिवशी बातम्यांच्या पडद्यावर 'दिवस तेरावा' असं येत होतं. सकाळी पेपरातही वाचलं होतं. त्यावरूनच असेल, मी विचारलं, "तुमच्या घरात आज कितवा दिवस?"

त्यांना सांगता येईना. "गौरीजेवणाच्या दिवशी झटका आला. यंदाच्या नाही, मागच्या वर्षीच्या." एवढंच.

आता थोडं बाजूला जाते. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा एका शाळेतल्या छावणीत मी आठवडाभर जात होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट, तिथं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. छावणीत लोकांना विचारलं, कसं आहे, की उत्तर ठरलेलं. घरात फक्त चिखल झालेला माणूस म्हणायचा, आमचं काय, शेजाऱ्याची भिंत पडली. भिंत पडलेला म्हणायचा, आमचं काय, खालच्या गल्लीत जनावरं वाहून गेली. जनावरं गेलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमचं काय बाई, ब्रह्मनाळचं बघ." ब्रह्मनाळला पुरातून सुटायला निघालेल्या लोकांची बोट उलटली होती. त्या वाक्यापुढे छावणीत कुणी काही बोलायचं नाही.

दुसऱ्याचं मोठं दुःख दिसल्यावर आपलं झाकून ठेवणं यात माणुसकी आहे, ती मी नाकारत नाही. पण झाकलेलं दुःख कुणी मोजत नाही, आणि आपल्याकडं मोजल्याशिवाय काही मिळत नाही. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही, हे पूरग्रस्तांना सांगावं लागत नाही. घरातल्या दुखण्याचा पंचनामा मात्र कुणी करत नाही. बातमीत येणाऱ्या संकटाला तारीख असते, आकडा असतो, नकाशा असतो. सासूची कूस बदलण्याला यातलं काहीच नसतं. म्हणून ते लहान दिसतं.

"त्यांच्यापेक्षा आपलं बरं" या वाक्यानं तात्पुरता धीर येतो, हेही खरं. माझी आई ते वाक्य हिंगाच्या डबीसारखं हाताशी ठेवायची. पण त्याच वाक्यामुळं माणूस डॉक्टरकडं जायचं टाळत असेल, भावाला फोन करायचं टाळत असेल, तर ते घातक आहे.

1 डिसेंबरला सुनंदाताई आल्या आणि बसायच्या आत म्हणाल्या, "447."

मागच्या शुक्रवारी रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सहज सांगितलं होतं, मॅडमनी असं असं विचारलं म्हणून. नवऱ्यानं मोबाइलवर हिशेब केला. 4 सप्टेंबर 2022 ते 24 नोव्हेंबर 2023. आकडा बघून ते ताट पुढं घेऊन नुसतेच बसून राहिले. "वर्षभर झालं असेल असं वाटत होतं," एवढंच बोलले. मग उठले, हात धुतले आणि भावाला फोन लावला. पैशाचं बोलले नाहीत. म्हणाले, मला माणूस पाहिजे.

मी वर्षभर बसवून समजावलं असतं तरी त्या गृहस्थांना हे पटलं असतं की नाही, देव जाणे. एका आकड्यानं पटलं.

पण त्या दिवशीचं खरं बोलणं वेगळंच होतं. तीन दिवसांपूर्वी, मंगळवारी रात्री बोगद्यातले 41 जण बाहेर आले होते, सतराव्या दिवशी. खोदकामाचं मशीन मोडून पडलं, आणि शेवटचे दहा-बारा मीटर उंदराच्या बिळासारखं हातानं खणणाऱ्या कामगारांनी मोकळे केले. ज्या खाणकामावर हरित लवादानं 2014 साली बंदी घातली होती, ते कसब तिथं कामी आलं. बाहेर आलेल्यांच्या गळ्यात हार पडत होते. सुनंदाताईंच्या घरी सगळे टीव्हीसमोर, शेजारच्या काकूसुद्धा.

"सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला रडू आलं. काकू म्हणाल्या, आनंदाश्रू. आनंदाचे नव्हते मॅडम." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "त्यांची सुटका झाली. आमच्या घरी सुटका म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंय ना?"

कळत होतं.

"असं मनात येतं. पेज ओतताना येतं. ज्या बाईनं मला बाळंतपणात सव्वा महिना न्हाऊमाखू घातलं, तिच्याबद्दल येतं. मी कसली बाई आहे?"

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांच्यासाठी मी त्यांना जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. हा विचार माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक सेवेकऱ्यानं कधी ना कधी बोलून दाखवला आहे. मुलींनी, सुनांनी, पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्यांनी. हाल संपावेत असं वाटणं म्हणजे माणूस नको होणं नव्हे. तिचे हाल आणि तुमचे हाल इतके एकात एक विणले गेलेत की एकाचा शेवट मागताना दुसऱ्याचाही मागितला जातो. विचार आला म्हणून तुम्ही पेज ओतायची थांबलात का? नाही ना. मात्र हात थांबू लागला, भरवताना राग हातात उतरू लागला, किंवा स्वतःच जगू नये असं वाटू लागलं, तर त्याच दिवशी सांगायचं. मला, डॉक्टरांना किंवा त्या 14416 वर. तोवर हा विचार नुसता विचार आहे.

त्या खूप रडल्या. मी पाणी पुढं केलं, घड्याळाकडं बघितलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर जाऊबाई पहिल्यांदा दोन रात्रींसाठी आल्या. तो पहिला प्रयोग साफ फसला. सुनंदाताई मिरजेला बहिणीकडं जाऊन जेमतेम आडव्या झाल्या होत्या, तोवर फोन. जाऊबाईंनी दट्ट्यानं पेज ढकलली, सासूबाईंना ठसका लागला, जाऊबाई फोनवर रडतायत. सुनंदाताई रिक्षानं परत. मला वाटलं, संपलं आता, पुन्हा म्हणतील की माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. उलटंच झालं.

"मी समजत होते ती कामचुकार आहे," त्या नंतर म्हणाल्या. "ती घाबरत होती हो. म्हणून पाच मिनिटं उभी राहून स्वयंपाकघरात पळायची. मी कधी दाखवलंच नव्हतं तिला. मलाही नर्सनं दोनदा दाखवल्यावर जमलं होतं." दुसऱ्या खेपेला दोघी मिळून बसल्या. तिसऱ्या खेपेला सुनंदाताई बहिणीकडं दोन रात्री सलग झोपल्या. बहिणीनं उठवलंच नाही. टीव्हीचा विषय आमच्या बोलण्यात परत निघाला नाही. रात्री लावतात की नाही, मीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत आमच्या भेटी थांबल्या. झोप पूर्ण आली असं नाही, गजर दोनचा आहेच. महिन्यातून चार रात्री तो दुसऱ्याच्या उशाशी वाजतो, एवढाच फरक.

2024च्या जुलैअखेरीला पाऊस धरला, आयर्विनला पाणी चढायला लागलं आणि सुनंदाताईंचा फोन आला. त्यांची गल्ली 2019ला पाण्यात होती. मी विचारलं, कशा आहात? "भ्यायला झालंय," त्या म्हणाल्या. 'आमचं काय' नाही, 'बाकीच्यांचं बघा' नाही. दीर टेम्पो घेऊन निघालेत, जाऊबाईंनी तिकडची पुढची खोली रिकामी केलीय, औषधांची पिशवी भरून झालीय. "फक्त एवढंच विचारायचं होतं मॅडम, ती हवेची गादी हलवायची कशी? हवा सोडून न्यायची का तशीच?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "ज्याच्याकडनं घेतली त्या दुकानदाराला लावते," आणि फोन ठेवला.