बिल्ड लवकर व्हावा म्हणून क्रेनलिफ्ट लावू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी हर्णैची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांच्या होडीसाठी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहितेय. लॅपटॉप जुना आहे, उबुंटू टाकलंय, एक ओळ बदलली तरी बिल्डला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनायला, दीड मिनिट जातं आणि पावसात लाइटचा काही भरवसा नाही. मशीन कोड बनवायला रस्ट नेहमी वापरतं त्या एलएलव्हीएमऐवजी क्रेनलिफ्ट लावलं तर लवकर होतं म्हणे. कसं लावायचं? आणि उत्तरं चुकणार नाहीत ना, बाबा त्यावर होडी काढणार.

उत्तर: अगं, आधी एक कर. एकच ओळ बदलून कार्गो चेक (रस्टच्या बिल्ड-साधनाची, कोड फक्त तपासणारी कमांड) चालव आणि वेळ बघ, मग तशीच ओळ बदलून कार्गो बिल्ड. चेकमध्ये मशीन कोड बनतच नाही, त्यामुळे चेकलाच सव्वा मिनिट लागत असेल तर बॅकएंड, म्हणजे मशीन कोड बनवणारा भाग, बदलून काही हाती लागणार नाही. चेक पटकन होऊन बिल्ड रखडत असेल तर मात्र करून बघच, कारण क्रेनलिफ्ट कोडवर एलएलव्हीएमइतकी मेहनत घेत नाही, म्हणून कोड लवकर तयार होतो, फक्त तो चालतो जरा हळू.

त्याला नाइटली, म्हणजे रस्टची रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती, लागते. रस्टअपने (रस्टच्या आवृत्त्या बसवणारं साधन) नाइटलीवर 'रस्टसी-कोडजेन-क्रेनलिफ्ट-प्रिव्ह्यू' हा कंपोनंट घाल, मग कार्गोच्या कॉन्फिगमध्ये अनस्टेबलखाली कोडजेन-बॅकएंड ट्रू कर आणि प्रोफाइल डेव्हमध्ये, म्हणजे रोजच्या कामाच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये, कोडजेन-बॅकएंड क्रेनलिफ्ट लिही. रिलीजला, म्हणजे शेवटी वापरायला द्यायच्या बिल्डच्या सेटिंगला, हात लावू नकोस. काही सिमड (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) सूचना क्रेनलिफ्टला अजून येत नाहीत, तिथे बिल्डच्या वेळी वॉर्निंग देऊन तो ट्रॅप टाकतो आणि प्रोग्राम तिथे पोचला की बंद पडतो, म्हणून वॉर्निंगा वाच. एखादं क्रेट (रस्टची लायब्ररी) असं अडलं तर तेवढ्यापुरतं एलएलव्हीएम लावता येतं.

आता टेस्टिंग, आणि इथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्याकडे मध्यरात्रीनंतरच्या वेळेत मिनिटांची वजाबाकी होती, यू३२ (उणे न होणारा ३२ बिटांचा पूर्णांक) मध्ये, १० वजा २५. क्रेनलिफ्टवर पॅनिक, म्हणजे प्रोग्राम एरर देऊन थांबला, एलएलव्हीएमवर गुपचूप ४२९४९६७२८१. मी क्रेनलिफ्टलाच धरून बसले, आणि खरं म्हणजे मी एक बिल्ड डेव्हचा आणि दुसरा रिलीजचा घेतला होता! डेव्हमध्ये ओव्हरफ्लो (उत्तर त्या प्रकारात न मावणं) तपासला जातो, रिलीजमध्ये नेहमीच्या सेटिंगला नाही, बॅकएंडचा काही संबंधच नव्हता आणि चूक माझ्या कोडात होती. म्हणून दोन्हीकडे डेव्हच ठेव, टारगेट फोल्डर (जिथे बिल्डच्या फाइली जातात) वेगवेगळे दे, आणि त्याच टेस्ट एकदा क्रेनलिफ्टवर एकदा एलएलव्हीएमवर चालव.

तुझ्या गणितात कोसाइन असणारच, कारण भरती ठरावीक काळाने परत येते, मुख्य चांद्र भरतीचा आवर्तकाळ साधारण १२.४२ तासांचा. बेरीज-गुणाकार दोन्ही बॅकएंडवर शेवटच्या बिटपर्यंत जुळायला हवेत, पण साइन-कोसाइनच्या अचूकतेची हमी रस्ट देत नाही, त्यामुळे शेवटच्या अंकात फरक दिसला तर घाबरू नकोस. टेस्टमध्ये बरोबर-बरोबर न लिहिता फरक एका मिलिमीटरच्या आत आहे का ते बघ, पाण्याच्या उंचीला तेवढं खूप झालं.

बाबांना द्यायची फाइल मात्र रिलीजची, एलएलव्हीएमवरची, आणि तिच्यावरही त्याच टेस्ट परत चालवून. शिवाय महिनाभराच्या वेळा छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून बघ, कारण तुझा फॉर्म्युलाच चुकला असेल तर दोन्ही बॅकएंड तेच चुकीचं उत्तर देतील. नाइटलीचं डाउनलोड मोठं असतं, तेव्हा लाइट आणि रेंज दोन्ही असतील तेव्हाच उतरवून ठेव.