सकाळचा मेकअप दुपारी राखाडी का पडतो

खानापूरहून रोज स्कूटीवरून बेळगावला कामाला येणाऱ्या ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. अकरा वाजेपर्यंत चेहरा राखाडी दिसायला लागतो, काजळ डोळ्यांखाली उतरतं, आणि रोजच्यासाठी नेमकं काय काय घ्यावं. शेवटचं आधी सांगते, ते थोडक्यात आटपतं: सनस्क्रीन, एक फाउंडेशन, पिवळसर झाक असलेला कॉम्पॅक्ट (डबीतली दाबलेली पावडर), काजळाची पेन्सिल आणि दोन लिपस्टिक. रोजच्यासाठी एवढं पुष्कळ झालं. पैसे मोजायचेच असतील तर सनस्क्रीन आणि फाउंडेशनवर मोजा. काजळ आणि लिपस्टिक साध्या घेतल्या तरी चालतात, लावायची रीत बरोबर हवी.

आता राखाडीपणा. याची कारणं बहुतेक वेळा तीन असतात आणि तिन्ही एकत्र येतात. पहिलं, शेड. आपल्याकडच्या गव्हाळ रंगात पिवळी किंवा हिरवट झाक असते. दुकानात 'थोडी उजळ घ्या' म्हणून जी शेड हातात देतात ती बऱ्याचदा गुलाबी झाकेची असते. गव्हाळ त्वचेवर उजळ गुलाबी बसली की ती राख फासल्यासारखीच दिसणार. दुसरं, सनस्क्रीन. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर चालणारं सनस्क्रीन पांढरी झाक सोडतं, आणि ती फाउंडेशनमधून वर दिसते. तिसरं, तेल. चेहऱ्याचं तेल सुटलं की फाउंडेशनचा रंग थोडा गडद, मळकट होतो, आणि त्यावर पांढरा कॉम्पॅक्ट थापला की झालंच.

शेड निवडताना मनगटावर लावून बघू नका, हाताचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला, कानाच्या खाली, शेजारी शेजारी तीन रेघा ओढा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निर्णय घ्यायचा नाही. खडेबाजारात असाल तर बाहेर येऊन उजेडात बघा, मग गणपत गल्लीत एक चक्कर मारून वीस मिनिटांनी पुन्हा आरशात बघा. जी रेघ मानेत मिसळून दिसेनाशी होते ती तुमची. दोन शेडमध्ये अडकलात तर गडद घ्या, पिवळट घ्या. मेबेलिनच्या फिट मी मालिकेत 128, 230, 310 आणि 330 अशा गव्हाळ ते सावळ्या रंगाच्या शेड मिळतात. तेलकट चेहऱ्याला त्यातली मॅट ट्यूब बरी, कोरड्या चेहऱ्याला ती हिवाळ्यात पापुद्रे दाखवते.

लावायचा क्रम आणि माप असं. तोंड धुतल्यावर त्वचा किंचित ओली असतानाच मॉइश्चरायझर, वाटाण्याएवढा, चेहरा आणि मान मिळून. पाच मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा 50, पीए+++ असलेलं (उन्हापासूनच्या संरक्षणाची ही मापं डबीवर लिहिलेली असतात). तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबभर दोन पट्टे, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. याहून कमी लावलं तर डबीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, तेवढ्यात डबा भरून होतो. हा थांबा टाळला की फाउंडेशन घासताना चेहऱ्यावर खोडरबराच्या कणांसारख्या गुठळ्या सुटतात. फाउंडेशनला दोष देतात, पण चूक घाईची असते. पांढरी झाक नको असेल तर जेलसारखं किंवा फिकट रंग असलेलं सनस्क्रीन बघा.

फाउंडेशन तुरीच्या दोन दाण्यांएवढंच. सगळ्या चेहऱ्यावर थापायचं नाही. नाकाच्या बाजूला, तोंडाभोवती, डागांवर ठिपके ठेवा आणि बोटांच्या टोकांनी दाबत बाहेरच्या बाजूला पसरा. कपाळाला जवळजवळ काही लावू नका. हेल्मेटचा आतला पट्टा ते पुसूनच नेतो आणि मधोमध रेघ उमटते. स्कार्फ बांधत असाल तर नाकाचा शेंडा आणि हनुवटीही तशीच मोकळी ठेवा. खानापूर रस्त्याची जांभ्या मातीची तांबडी धूळ ओलसर क्रीमवर चिकटून बसते, कोरड्या पातळ थरावर तेवढी नाही. म्हणून कॉम्पॅक्टचा पफ दाबून उचलायचा, घासायचा नाही. दिवसात परत लावायची वेळ आली तर आधी टिश्यू दाबून तेल टिपा. तेलावर पावडर घातली की तिचा चिखल होतो.

डोळ्यांखाली काळं असेल तर नुसतं उजळ कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) लावू नका, तिथे राखाडी चंद्रकोर दिसते. आधी तांदळाच्या दाण्याएवढा नारिंगी करेक्टर (काळेपणा मारणारं रंगीत क्रीम) फक्त काळ्या भागावर दाबायचा, वरून कन्सीलर. हे रोज केलंच पाहिजे असं नाही.

काजळाचं दुखणं वेगळं आहे. काजळ म्हणजे मेण, तेल आणि काळा रंग. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं काजळ पाण्याला दाद देत नाही, पण तेलात विरघळतं. डोळ्यांखाली तुम्ही सकाळी लावलेलं क्रीम आणि सनस्क्रीनच ते खाली ओढत असतं, घाम नंतर येतो. तेव्हा डोळ्यांखाली क्रीम अगदी पातळ लावा, वर कॉम्पॅक्ट दाबा. कापसाच्या काडीने पापणीची आतली कड कोरडी करून घ्या. मग काजळ वरच्या पापणीच्या आतल्या कडेला आणि खालच्या पापणीच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. खालून आतल्या कोपऱ्यापर्यंत भरलेलं काजळ अश्रूंबरोबर उतरणारच. त्या रेघेखाली बारीक ब्रशने गडद तपकिरी आयशॅडो फिरवला की ती बांधली जाते. पेन्सिल मऊ पडून तुटत असेल तर टोक काढण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स, आणि आतल्या कडेला काजळ नको.

काजळाची पेन्सिल बहिणीबहिणींत वाटून वापरू नका. डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेली टाकूनच द्या, जीव तुटला तरी. सुट्या डबीतला, नाव-पत्ता नसलेला सुरमा डोळ्यांत घालू नये. त्यात शिसं असू शकतं.

लिपस्टिकमध्ये एक विटकरी-तपकिरी आणि एक डाळिंबी ठेवा, गव्हाळ रंगाला दोन्ही खुलतात. पातळ थर, टिश्यूने टिपा, पुन्हा पातळ थर. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या थंडीने ओठ फुटतात, तेव्हा तयारीच्या सुरुवातीलाच व्हॅसलिन किंवा थोडं तूप लावा आणि लिपस्टिकआधी पूर्ण पुसा. त्याच लिपस्टिकचे दोन ठिपके गालांवर बोटाने जिरवले की वेगळा ब्लश लागत नाही, मात्र हे कॉम्पॅक्टच्या आधी.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या भागात, खानापुरात तर विशेषच, ओला स्पंज दिवसदिवस वाळत नाही आणि आतून बुरशी धरतो. कपाळावर आणि गालावर बारीक पुटकुळ्या येतात ते बऱ्याचदा त्यामुळे. ते चार महिने स्पंज बाजूला ठेवा, धुतलेली बोटं वापरा. पफसुद्धा आठवड्यातून एकदा साबणाने धुवा आणि पंख्याखाली वाळवा.

खरेदी करताना खोक्यावर उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, निर्मात्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक आहे ना ते बघा. 'बाहेरचा माल' म्हणून स्वस्तात देतात त्यावर आयातदाराचं नाव नसेल तर घेऊ नका. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात 6एम किंवा 12एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. मस्कारा घेतलात तर तीन महिन्यांनी टाकायचा.

टिकली सगळ्यांत शेवटी. त्या जागी क्रीम असेल तर ती चिकटत नाही, म्हणून ओल्या कापसाने तेवढी जागा पुसून कोरडी करा. रात्री काढून ठेवा आणि रोज एकाच जागी तीच टिकली नको. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनामुळे तिथली त्वचा पांढरी पडते. खाज सुटली किंवा फिकट गोल दिसायला लागला की टिकली त्याच दिवशी बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. हौस असेल तर मेणावर कुंकू लावायची जुनी रीत उत्तम: मेणाचा अगदी बारीक गोल दाबा, वर कुंकू टेकवा, जादाचं झटका. घामातही ओघळत नाही. कुंकू हळदीपासून केलेलं, ओळखीच्या ठिकाणचं घ्या.

घरी आल्यावर आधी खोबरेल. अर्धा चमचा तेल तळहातावर घेऊन मिटलेल्या डोळ्यांवर आणि ओठांवर हलकेच फिरवा, अर्धा मिनिट थांबा, कापसाने टिपा, मग फेसवॉश. मुरुमांचा चेहरा असेल तर खोबरेल डोळे-ओठांपुरतंच, बाकी चेहऱ्याला मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाण्यासारखं द्रव). आणि लिंबू चोळून उन्हात जायचं नाही, त्याने काळे डाग पडतात आणि ते जायला महिने लागतात.